उगमाकडचं जुनं रान

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

मलकापूरचं नाव राज्यभर झालं ते पाण्यामुळे. चोवीस तास आणि मीटरने पाणी देणारं छोटं शहर म्हणून ठिकठिकाणचे लोक इथली योजना बघायला आले. टाक्या पाहिल्या, मीटर पाहिले, माहिती लिहून घेतली आणि गेले. पण एक गोष्ट त्या पाहुण्यांना कुणी दाखवली नाही आणि आपणही ती क्वचितच बघायला जातो. आपल्या नळाला पाणी येतं ते कोयना नदीतून. नदीला येतं ते धरणातून आणि डोंगरातून. त्या डोंगरांवर एक रान उभं आहे, आणि ते आपल्या गावापेक्षा, कऱ्हाडच्या बाजारपेठेपेक्षा, आगाशिवच्या लेण्यांपेक्षाही जुनं आहे. आज बोलायचं आहे ते या रानाबद्दल. ते कसं पाहावं आणि पाहताना नेमकं काय पाहावं, याबद्दल.

मलकापूरहून पश्चिमेकडे पाहिलं की या रानाकडे जाणारे दोन रस्ते आहेत. एक पाटणवरून कोयनानगरला जातो. दुसरा पाचवड फाट्यावरून ओंड, उंडाळे, शेडगेवाडी करत वारणेच्या खोऱ्यात, चांदोलीला उतरतो. दोन्हीकडे अंतर साधारण पन्नास-साठ किलोमीटर. म्हणजे सकाळचा चहा घरी घेऊन निघालं तर न्याहारीला आपण सह्याद्रीच्या पायथ्याशी असतो. कोयनेच्या अभयारण्याचं क्षेत्र सुमारे ४२३ चौरस किलोमीटर, तर चांदोली राष्ट्रीय उद्यानाचं सुमारे ३१७ चौरस किलोमीटर. दोन्हींना अभयारण्याचा दर्जा १९८५ साली मिळाला. चांदोली २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. जानेवारी २०१० मध्ये हे दोन्ही भाग आणि भोवतालचा प्रदेश मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. सातारा, सांगली, कोल्हापूर आणि रत्नागिरी अशा चार जिल्ह्यांत पसरलेल्या या प्रकल्पाचं क्षेत्र ११६५ चौरस किलोमीटरच्या वर आहे. २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. त्यातली चार महाराष्ट्रातली: कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी.

हे आकडे सांगितले की ऐकणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. तिथं वाघ दिसतो का? त्याचं उत्तर पुढे देतो. त्याआधी दुसरा एक प्रश्न विचारू. जुनं रान म्हणजे काय?

आपल्याला वाटतं, जिथं म्हातारी, जाडजूड झाडं आहेत ते जुनं रान. तसं नाही. इंग्लंडमध्ये यासाठी एक साधी कसोटी वापरतात. जी जमीन इसवी सन १६०० पासून आजवर सलग झाडीखाली राहिली, तिला तिथं प्राचीन रान म्हणतात. त्या जमिनीवर आज उभी असलेली झाडं कदाचित शंभर वर्षांचीही नसतील. मोजायचं वय झाडाचं नसून जमिनीचं आहे. कारण नांगर लागला नाही, खणलं गेलं नाही, ऊन थेट जमिनीवर पडलं नाही, तरच मातीतली बुरशी, कंद, किडे, गांडुळं आणि बियांचा साठा टिकून राहतो. झाड पडलं तर पन्नास वर्षांत दुसरं मोठं होईल. माती विस्कटली तर तिची ती जुनी घडी पुन्हा बसायला किती पिढ्या लागतील, ते सांगता येत नाही.

हा फरक समजायला आपल्या शेजारीच एक चांगलं उदाहरण आहे. कऱ्हाडहून ताकारीच्या बाजूला गेलं की देवराष्ट्र्यांजवळ सागरेश्वर अभयारण्य लागतं. जेमतेम अकरा चौरस किलोमीटरचं. एके काळी तिथले डोंगर उघडेबोडके होते. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी ध्यास घेतला, लोक जोडले, वनखात्याची साथ मिळाली आणि त्या बोडक्या डोंगरावर झाडी उभी राहिली. आज तिथं हरणं आहेत, सांबरं आहेत, मोर आहेत. माणसाने मनावर घेतलं तर काय होतं, याचा तो धडा आहे आणि शाळेच्या प्रत्येक सहलीने तो पाहावा असा आहे. पण सागरेश्वर पाहून जो माणूस चांदोलीच्या गर्द घळीत शिरतो, त्याला एक गोष्ट न सांगता कळते. झाडं लावता येतात, रान लावता येत नाही. ते असावं लागतं आणि असेल तर सांभाळावं लागतं.

आता आत जाऊ. चांदोलीला जायचं तर मणदूर, खुंदलापूरच्या बाजूने वनखात्याच्या नाक्यावर नोंद करून, शुल्क भरून, गाइड सोबत घेऊन आत सोडतात. पावसाळ्यात उद्यान बंद असतं. सुरुवातीला एका हाताला वसंतसागर जलाशय दिसत राहतो. वारणेवरचं हे धरण ३४ टीएमसीचं. मग रस्ता चढतो आणि झोळंबीच्या सड्यावर येतो. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. नवख्या माणसाची इथं निराशा होते. गाडीतल्या मुलांचा पहिला प्रश्न असतो, जंगल कुठंय? सड्यावर झाड दिसत नाही, नुसतं पिवळं गवत आणि काळा-तांबडा दगड. पण पावसाळा संपता संपता याच दगडावरच्या चार बोटं मातीत इवल्या फुलांचे ताटवे उमलतात. कासला आपण गर्दी करून जे बघायला जातो, त्याच जातीचं हे पठार आहे. दगडावर मोठं झाड वाढत नाही म्हणून ती जागा ओसाड ठरत नाही. तीही या रानाचीच एक खोली आहे, फक्त बिनछपराची.

सड्याच्या कडेने खाली घळीत उतरलं की छप्पर सुरू होतं. बाहेर डोळे दिपत असतात आणि दहा पावलांत अंधारून येतं. अंगाला गारवा लागतो. इथली मुख्य झाडं म्हणजे अंजनी, जांभूळ आणि पिसा. सह्याद्रीच्या या भागातल्या सदाहरित रानाची ओळख वनस्पतीशास्त्रातही याच तीन झाडांवरून सांगतात. त्यांच्या जोडीला हिरडा, आंबा, फणस, पारजांभूळ, उंबर. उतारावर ऐन, किंजळ, नाणा, कुंभा. झाडांवरून झाडांवर गेलेली गारंबीची वेल, जिची शेंग हातभर लांब आणि बी मुठीत मावेल एवढी. उघड्या उतारांवर कारवी. ही कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते, सगळी एकदम फुलते आणि बी धरून मरून जाते. डोंगरातल्या घरांच्या कुडाच्या भिंती तिच्याच काठ्यांच्या. जमिनीवर पाचोळ्याचा थर. त्यावर पाऊल टाकलं की ते रुततं. हा पाचोळा नीट पाहावा. वरचं पान कोरडं, त्याखालचं ओलं, त्याखालचं जाळीदार आणि त्याखाली पान आणि माती वेगळी करता येत नाही. पान माती होतानाच्या सगळ्या पायऱ्या एका ओंजळीत दिसतात. जुन्या रानाचं वय ओळखायची ही साधी खूण आहे.

दुसरी खूण वर पाहिल्यावर दिसते. झाडाच्या शेंड्याला, बारीक फांद्यांच्या बेचक्यात काटक्या-पानांचा मोठा गोळा दिसला तर ते शेकरूचं घरटं. शेकरू म्हणजे आपल्या राज्याचा प्राणी. तांबूस-तपकिरी अंग, पिवळसर पोट आणि झुबकेदार लांब शेपूट असलेली ही मोठी खार. ती एकाच वेळी अनेक घरटी बांधून ठेवते. जमिनीवर ती सहसा उतरत नाही. या झाडावरून त्या झाडावर उडी मारत जाणं हाच तिचा रस्ता. म्हणजे तिला हवी फांदीला लागलेली फांदी. मध्ये रुंद रस्ता काढला, दहा झाडं तोडली, की आपल्याला तो किरकोळ बदल वाटतो, शेकरूच्या दृष्टीने तो पूल पडल्यासारखा असतो. जिथं शेकरू नांदते तिथं झाडांचं छत सलग आहे, असं खुशाल समजावं.

तिसरी खूण धनेशाची. मोठ्या बाकदार चोचीचा हा पक्षी उडताना पंखांचा आवाज ऐकू येतो. त्याचं घर म्हणजे जुन्या झाडाची ढोली. विणीच्या वेळी मादी ढोलीत जाऊन बसते आणि ढोलीचं तोंड विष्ठा-चिखलाने लिंपून घेते. उरते ती फक्त चोच बाहेर येईल एवढी फट. त्या फटीतून नर तिला आणि पुढे पिल्लांनाही महिनोन्‌महिने भरवत राहतो. मुख्यतः उंबर-वडाची आणि इतर रानफळं आणून. नराला काही झालं तर आतल्यांचा जीव धोक्यात. आता विचार करा, धनेशाची मादी मावेल एवढी ढोली कोणत्या झाडाला असेल? झाड आधी मोठं व्हायला हवं, मग त्याची फांदी कधीतरी वादळात तुटायला हवी, तिथं कुजायला हवं, सुताराने कोरायला हवं. आपण आज लावलेल्या रोपाला अशी ढोली आपल्या नातवाच्या काळातही येईल की नाही, सांगवत नाही. वठलेलं, पोकळ झाड म्हणजे सरपण असं ज्याला वाटतं, त्याने एका कुटुंबाचं घर पाहिलेलं नसतं. आणि हाच धनेश खाल्लेल्या फळांच्या बिया दूरवर टाकून पुढच्या झाडांची सोय करत असतो.

इथं कुणी म्हणेल, प्राणी काय, कुठंही जुळवून घेतात. आपल्याकडे तर बिबट्या उसात राहतो! खरं आहे. कऱ्हाड तालुक्याला, आगाशिवच्या पायथ्याच्या गावांना बिबट्या नवा नाही. उसाच्या फडात त्याची पिल्लंही सापडतात. कुत्रं, डुक्कर, शेळी, जे मिळेल त्यावर तो भागवतो. ऊस त्याला रानासारखाच वाटतो. पण सगळ्यांना ते जमत नाही. शेकरूला उसात रस्ता नाही, धनेशाला उसात ढोली नाही. रात्री पाचोळ्यात फिरणाऱ्या, सशाएवढ्या पिसोरी हरणाला फडात थारा नाही. वाळवी आणि मुंग्यांवर जगणाऱ्या खवल्या मांजराचंही तसंच. बिबट्याकडे बघून रानाचं बरं चाललंय असं मानणं म्हणजे गावातल्या एका हुशार मुलाकडे बघून शाळा चांगली आहे असं म्हणण्यासारखं आहे.

आता पाण्याकडे येऊ. झाडं पाऊस पाडतात, असं आपण शाळेत घोकलं. इथं पाऊस पाडतो तो मुख्यतः सह्याद्रीचा कडा. समुद्रावरून आलेले ढग या भिंतीला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि बरसतात. नवजा, पाथरपुंज ही नावं पावसाळ्यात रोज वर्तमानपत्रात येतात. तिथं वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर आणि कधी त्याहूनही जास्त पाऊस होतो. तिथून पन्नास किलोमीटरवरच्या आपल्या कऱ्हाडात त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. म्हणजे पावसाचं श्रेय रानाला द्यायचं कारण नाही. पण पडलेल्या पावसाचं पुढं काय होतं, ते मात्र रान ठरवतं.

बोडक्या उतारावर थेंब पडला की तो हातोडीसारखा आदळतो, मातीचा कण उचलतो आणि घेऊन पळतो. रानात तोच थेंब आधी पानावर पडतो, तिथून खालच्या पानावर, मग खोडावरून ओघळत पाचोळ्यावर येतो. तिथं त्याचा वेग संपतो. पाचोळ्याखालची माती मुळांनी, किड्यांच्या बिळांनी भुसभुशीत झालेली असते. ती पाणी पिते आणि सावकाश सोडते. अतिवृष्टी झाली तर रानालाही पूर अडवता येत नाही, हेही खरं. पण फेब्रुवारीत, पाऊस थांबून चार महिने झाल्यावर, चांदोलीच्या एखाद्या घळीत उभं राहा. खडकातून बारीक धार वाहत असते. ते गेल्या आषाढ-श्रावणातलं पाणी असतं. आणि धरणाच्या दृष्टीने त्याहूनही महत्त्वाचं म्हणजे गाळ. कोयनेचा शिवसागर १०५ टीएमसीचा. त्यातलं बरंचसं पाणी वीज निर्माण करून सह्याद्रीपलीकडे वाशिष्ठीत जातं. बाकीचं नदीतून आपल्याकडे येतं. कृष्णा-कोयनेचा प्रीतिसंगम कऱ्हाडला होतो आणि चांदोलीची वारणा खाली सांगलीजवळ हरिपूरला कृष्णेला मिळते. या धरणांत माती किती येऊन बसायची, हे वरच्या उतारांवर झाडी आहे की नाही यावर अवलंबून असतं. धरण बांधायला पैसा लागतो. ते भरून जाऊ नये यासाठी लागतं ते रान, आणि त्याची मजुरी आपण कुणाला देत नाही.

पण थांबा. ही मजुरी कुणीच दिली नाही असं म्हणणं बरोबर नाही. ती काही लोकांनी दिली आहे, आणि त्यांच्याबद्दल बोलल्याशिवाय या रानाची गोष्ट पुरी होत नाही.

झोळंबीच्या सड्यावरून फिरताना मधेच शेतासारखे बांध दिसतात. गवतात लपलेली जोती दिसतात. एखादं तुळशीवृंदावन, दगडी पाटा, देवळाचा चौथरा. ओळीत उभी आंब्या-फणसाची झाडं दिसतात, जी रानात ओळीत उगवत नाहीत. झोळंबी हे गाव होतं. गोठणे हे गाव होतं. वासोट्याच्या पायथ्याचं मेट इंदवली हे गाव होतं. अशी कितीतरी गावं आणि धनगरवाडे. आधी कोयना धरणात लोकांची जमीन गेली, मग वारणेत, मग उरलेल्यांना अभयारण्यासाठी उठावं लागलं. कुणी खाली सांगली-साताऱ्याच्या पट्ट्यात, कुणी सोलापूरकडे, कुणी रायगड-ठाण्याला वसले. वसले म्हणणंही सोपं आहे. जमीन मिळाली तर पाणी नाही, पाणी असेल तर सातबारा नाही, अशी वर्षानुवर्षांची परवड झाली. श्रमिक मुक्ती दलाच्या डॉ. भारत पाटणकर यांच्या नेतृत्वाखाली धरणग्रस्त आणि अभयारण्यग्रस्तांनी केलेली लांबच लांब आंदोलनं आपल्या जिल्ह्यांनी पाहिली आहेत.

गंमत अशी की, हे रान इतकी वर्षं टिकलं त्यात या माणसांचाही वाटा आहे. ते काही रानाला हातच लावत नव्हते असं नाही. उतारावर राब भाजून नाचणी-वरीची कुमरी शेती करत, हिरडा गोळा करत, मध काढत, गुरं चारत. पण प्रत्येक गावाने एक तुकडा देवाच्या नावाने राखून ठेवला होता. तीच देवराई. तिथली काटकीही घरी न्यायची नाही, असा दंडक. गावाचं पाणी बहुधा त्या देवराईतल्या झऱ्याचं असे. १९७० च्या दशकात डॉ. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी पश्चिम महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा जी झाडं आणि वेली भोवताली नाहीशा झाल्या होत्या त्या इथं सुखरूप आढळल्या. इंग्लंडमधल्या प्राचीन रानाला जुन्या नकाशांचा पुरावा लागतो. आपल्याकडे तो पुरावा देवाच्या धाकाने राखला गेला. म्हणून तुम्ही या भागात गेलात आणि देवराईजवळ थांबलात, तर पायातल्या चपला काढा. देव मानत असाल तर देवासाठी, नसाल मानत तर त्या नियमासाठी.

आता वाघ. वासोटा किल्ल्याचं शिवकाळातलं नाव व्याघ्रगड. म्हणजे या रानात वाघ पाहुणा नव्हे, घरचाच. पण मधल्या काळात तो इथून जवळजवळ नाहीसा झाला. प्रकल्प जाहीर झाला तरी वाघाचा पत्ता नाही, अशी चेष्टाही झाली. मग मे २०१८ मध्ये चांदोलीत लावलेल्या कॅमेऱ्यात एक वाघ टिपला गेला. डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा एक नर वाघ कॅमेऱ्यात आला. तो त्याआधी राधानगरीच्या रानात दिसलेला होता. याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. गोवा-कर्नाटकाच्या सीमेपासून तिलारी, चंदगड, आंबोली, राधानगरी, विशाळगड अशी सह्याद्रीच्या माथ्यावरून झाडीची एक पायवाट अजून शिल्लक आहे. त्या वाटेने वाघ चालत आला. पण त्या वाटेने येतात ते बहुतेक नर. तरुण नर नवा मुलूख शोधत लांबवर जातात, माद्या आईच्या आसपास राहतात. म्हणून नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोबातून एक वाघीण चांदोलीत आणली गेली आणि आणखी वाघ आणण्याची योजना आखली गेली.

वाघ आणणं सोपं आहे, टिकवणं अवघड. गर्द सदाहरित रानात खाली गवत कमी. गवत कमी म्हणून चरणारी जनावरं विरळ, आणि ती विरळ म्हणून वाघ विरळ. इथंच त्या उठलेल्या गावांची शेतं कामाला येतात. माणसं गेली, शेतात गवत माजलं आणि त्या गवतावर संध्याकाळी गवे उतरू लागले, सांबरं आणि भेकरं येऊ लागली. झोळंबीच्या ज्या खाचरात कुणी भात लावला, तिथं आज गव्याचा कळप चरतो. हजार किलोपर्यंत भरणारा काळा धिप्पाड नर, गुडघ्याखाली पांढरे मोजे घातल्यासारखे पाय. तो मान वर करून आपल्याकडे बघतो तेव्हा छातीत धडधडतं. ते दृश्य सुंदर असतं. पण बघताना एवढं आठवावं की, ते कुरण कुणाच्या तरी बापजाद्यांचं शेत आहे.

म्हणून वाघ दिसतो का, याचं प्रामाणिक उत्तर असं आहे. बहुधा दिसणार नाही. ताडोबासारखा रस्त्यावर वाघ आणि त्यामागे जिप्सींची रांग, हे इथं व्हायचं नाही. रान दाट, डोंगराळ, जनावरं थोडी आणि लाजरी. वाघ बघायचा हट्ट धरून गेलात तर फसवल्यासारखं वाटेल. पण कान उघडे ठेवून गेलात तर खूप काही मिळेल. पहाटे ओढ्याच्या अंगाने माणसाने सहज शीळ घालावी तसा सूर येतो. तो शीळकरी कस्तूर. पानांआडून एकसुरी 'कुटरू कुटरू' चालू असतं, तो कुर्तुक, तांबटाचा भाऊबंद. भेकर कुत्र्यासारखं भुंकतं, सांबराचा 'पॉक' असा ठसका येतो, वानर खाकरतं. हे तिन्ही आवाज एकापाठोपाठ आले तर समजावं की कुणीतरी दबकत चाललंय. ते दिसलं नाही तरी आपण त्याच्या गावात आहोत, हे कळतं.

जायचं कधी? नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा उत्तम. एप्रिल-मेमध्ये ऊन असतं, पण जनावरं पाण्यावर येतात आणि करवंद-जांभळांचा मोसम असतो. चांदोलीला जाण्याआधी वनखात्याच्या कार्यालयात वेळा आणि सुट्टीचा वार विचारून घ्यावा. वासोट्याला जायचं तर बामणोलीहून लाँचने शिवसागर ओलांडावा लागतो. परवाना घ्यावा लागतो आणि संध्याकाळच्या आत परत फिरावं लागतं. मुक्काम करता येत नाही. पायथ्यापासून माथ्यापर्यंत दीड-दोन तासांची ती चढण जवळजवळ सगळी झाडीतून जाते. पायी चालत जुनं रान अनुभवायचं असेल तर त्यासारखी वाट नाही. कपडे मातकट-हिरवट रंगाचे, अत्तर नको, मोबाईलवर गाणी नकोत. प्लास्टिकची जी पिशवी आत नेली ती बाहेर आणायची. वाटाड्या स्थानिक घ्यावा, जेवण पायथ्याच्या गावात सांगावं. नाचणीची भाकरी, पिठलं आणि मिरचीचा ठेचा मिळतो. आपले दोन पैसे तिथं राहिले तर रान राखण्यात त्या गावालाही रस राहतो. आणि एका तुकडीत माणसं थोडी असावीत. रानात पंचवीस जणांनी मिळून जायचं म्हणजे रानाला बाहेर पाठवून आपण आत जायचं.

श्रोतेहो, ते रान आज ना उद्या नष्ट होणार असं सांगून तुम्हाला घाबरवायचं नाही. कागदावर त्याला आज जेवढं संरक्षण आहे तेवढं आधी कधी नव्हतं. पण कागद रानाच्या हद्दीपर्यंतच चालतो. हद्दीबाहेर, त्या वाघाच्या पायवाटेवर, कुठं खाण, कुठं फार्महाऊसचे प्लॉट, कुठं रुंद झालेला घाटरस्ता. एकेक गोष्ट लहान वाटते. पायवाट मात्र एका जागी तुटली तरी पुरते. आणि हद्दीच्या आत, ज्यांनी घर सोडलं त्यांची देणी जोवर चुकती होत नाहीत, तोवर रान राखण्याच्या आपल्या गप्पांना वजन येत नाही. या दोन्ही गोष्टी वनखात्याच्या एकट्याच्या हातातल्या नाहीत. त्या खालच्या बाजूला राहणाऱ्या, मतदान करणाऱ्या, प्लॉट घेणाऱ्या आपल्या हातातल्या आहेत.

एखाद्या रविवारी मुलांना घेऊन जा. वाघ दाखवतो असं सांगू नका. आपलं पाणी कुठून येतं ते दाखवतो, असं सांगा. घळीत उतरल्यावर एक मूठ पाचोळा त्यांच्या हातात द्या, वास घ्यायला सांगा आणि मग जिथून उचलला तिथंच परत ठेवायला सांगा. घरी आल्यावर पाय धुवायला नळ सोडाल, तेव्हा त्यांना निराळं काही समजावून सांगायची गरज उरणार नाही.